तिसरी हाक

पाचपावलीतल्या त्या कोष्ट्यांच्या गल्लीत नीलाला येऊन सात महिने झाले होते, आणि सात महिन्यांत तिला तिच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. नवरा जबलपूरला, तारखात्यात. क्वार्टर मिळालं की घेऊन जातो म्हणून गेला तो गेला. त्याची पत्रं यायची, पण 'मुन्नीस जपणे' एवढं लिहून झालं की त्याची शाई संपायची. गल्लीच्या तोंडी ती 'शिकलेली बाई' नाहीतर 'मुन्नीची आई'. सकाळी हातमाग सुरू झाले की भिंती थरथरत. मग ती मुन्नीच्या छातीवर हात ठेवून बसे आणि खटक-खटक आवाजातून लेकराचा श्वास वेगळा काढत राही.

महिला समितीच्या शोभाताईंनी एक दिवस पहिल्या निवडणुकीच्या मतदारयादीचे कागद तिच्यापुढे टाकले. "ही तुझी गल्ली. वाच जरा."

नीलानं वाचलं. पुरुषांची नावं बापासकट, आडनावासकट. बायांच्या जागी 'शालिकरामची बायको', 'रुपरावची सून', 'श्रावणची माय'. यादी करायला आलेल्या माणसाला बायांनी नावं सांगितलीच नव्हती.

"नावं मिळाली नाहीत तर ह्या सगळ्या कटणार," शोभाताई म्हणाल्या. "मुदत शनिवारपर्यंत. तू बी.ए. झालीस ना? मग नीघ."

नीलाचं स्वतःचं नाव अकोल्याला, वडिलांच्या घरच्या यादीत होतं. इथं तिला मत नव्हतं. तरी मुन्नीला कडेवर घेऊन ती निघाली.

पहिल्याच ओट्यावर हसं झालं. चंद्रकला म्हणजे शालिकरामची बायको, जिभेची तिखट. तोंडाला पदर लावून म्हणाली, "असं कसं सांगू वं बाई नाव? सरकारले काहून पाहिजे माह्यं नाव? धन्याचं पाहिजे तं उखाण्यात घेतो."

"घ्या उखाण्यात. मी लिहून घेते."

मग काय, ओट्यावर लग्नघर झालं. एकीनं रेशमाचा काठ जुळवला, दुसरीनं ताटातली पुरणपोळी. नवऱ्यांची नावं निघाली, त्यांच्या पाठोपाठ, लाजत-ढकलत, त्यांची स्वतःचीही. नीलाचा कागद भरत गेला. पण तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी, श्रावणची माय, रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती, ती मान वर करीना.

"तुमचं, आजी?"

"मी विधवा. मी काय उखाणा घेऊ?"

"इच्या धन्याचं मी सांगतो," चंद्रकला मध्येच म्हणाली. "नत्थूजी. लिवा."

"आणि त्यांचं स्वतःचं?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारीनं रहाट जोरात फिरवला.

दुपारी गल्ली कलंडली तेव्हा म्हातारी नीलाच्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत आली नाही. "जयवंता," म्हणाली.

"काय?"

"माह्यं नाव. मायनं ठेवलेलं. इथं लग्नात तांदळावर अनुसया लिवलं होतं म्हणे, मले काही वाचता येते का? त्या नावानंही कोणी हाक मारली नाई. आधी नवरी होती, मंग श्रावणची माय झाली. श्रावण देवीच्या साथीत गेला, पाच वर्साचा. त्याले चाळीस वर्सं झाली, पन मी त्याची मायच राहिली. जयवंता म्हननारी माय होती. तीही गेली. तू लिव."

नीलाचा टाक अडला. उद्या कुणी विचारलं तर? गल्लीत कुणाला आठवलंच तर अनुसया आठवेल, हे नाव तर कुणी ऐकलेलंसुद्धा नाही. पण समोर ती म्हातारी आपल्या नावासाठी श्वास धरून उभी होती. नीलानं लिहिलं, 'जयवंता नत्थूजी', आणि शनिवारी कागद कचेरीत स्वतः नेऊन दिला. परत येताना मात्र वाटभर तिला वाटत राहिलं, चूक तर केली नाही?

मतदानाचा दिवस उजाडला आणि मुन्नीचं अंग तापलं. गल्लीतल्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून शाळेकडे गेल्या. माग बंद होते. एवढी शांतता नीलानं त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. ओल्या फडक्याच्या घड्या बदलत ती एकटी बसली होती.

चंद्रकला धावत आली. "चाल वं बाई! श्रावणच्या मायले धरून ठेवलं! बाबनराव म्हनते, ही बोगस हाय!"

तापलेलं लेकरू ठेवायचं कुणापाशी? मुन्नीला शालीत गुंडाळून नीला तशीच निघाली.

शाळेच्या वर्गात म्हातारी भिंतीशी उभी होती, पायाच्या अंगठ्याकडे बघत. एका उमेदवाराचा माणूस म्हणून बसलेले बाबनराव, गल्लीच्या तोंडावरचे दुकानदार, तावातावात होते. "तीनदा पुकारलं साहेब! बाबूनं चिठ्ठी घेतली, जयवंता म्हनून आवाज देल्ला, ही ढिम्म. दुसऱ्यांदा देल्ला, तरी नाई. ज्याचं नाव हाय तो उठत नाई का एका हाकेले? अन् इचं नाव अनुसया, मले माह्या मायनं सांगितलेलं याद हाय!"

केंद्राध्यक्ष चष्मा पुसत होते. नीलाकडे वळून म्हणाले, "हे नाव तुम्ही नोंदवलंत? तुम्ही इथल्या मतदार आहात?"

"नाही."

"मग तुमच्या शब्दावर मी कसं जाऊ, बाई?"

मुन्नीचं कढत कपाळ तिच्या गळ्याला लागलं होतं. तिनं लेकराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "माझ्या शब्दावर नका जाऊ. ह्यांनाच विचारा. बाबनराव, नत्थूजींच्या घरात किती बाया राहतात?"

"एकच. हीच."

"यादीत त्या घरात किती नावं आहेत?"

अध्यक्षांनी पान उलटलं. "एक."

"मग ती ही नाही, तर कोण? आणि बाबनराव, तुम्ही कधी ह्यांना अनुसया म्हणून हाक मारलीत?"

चंद्रकला दारातून म्हणाली, "उधारी मागाले आले तरी श्रावणची मायच म्हनते ते."

सगळे हसले. अध्यक्षांनी म्हातारीला जवळ बोलावलं. "आजी, तुमचं नाव?"

"जयवंता," ती म्हणाली. भरल्या वर्गात, मोठ्यानं.

तिच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली. मतपत्रिका दोन्ही हातांनी धरून ती मतपेट्यांपुढच्या पडद्याआड गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नीला थांबली नाही. मुन्नीला घेऊन डॉक्टरांकडे धावली.

दिवेलागणीला म्हातारी तुळशीचा काढा घेऊन आली. ह्या वेळी उंबऱ्याच्या आत आली आणि पाळण्याशी बसली. मुन्नीला घाम फुटायला लागला होता.

"आजी," नीलानं विचारलं, "तुम्ही पहिल्याच हाकेला का नाही उठलात? ऐकू नाही आलं?"

म्हातारी आपल्या शाईच्या बोटाकडे बघत राहिली. "पहिल्यांदाच ऐकू आलं. बाबूचा आवाज मोठा होता."

"मग?"

"उठली असती तं हाक सरली असती. वाटलं, अजून एकडाव म्हनू दे त्याले. मंग वाटलं, अजून एकडाव." ती हसली, तोंडात दोनच दात. "तिसऱ्या हाकेले उठली मी. तवर त्या बाबन्यानं कालवा केला." मग एकदम म्हणाली, "तुले बी तं कोनी हाक मारून नाई राहिलं. तुह्यं नाव काय वं?"

"नीला," ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज परका वाटला.

म्हातारी भांडं घेऊन गेली. दार लोटलं. पाळणा हलायचा थांबला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला, "नीला वं!"

मुन्नीच्या छातीवरचा तिचा हात तसाच राहिला. ओठांवर आलेली ओ तिनं आतच धरली, अजून एकदा ऐकू यावं म्हणून.

पलीकडे क्षणभर काहीच वाजलं नाही. मायलेकी झोपल्या, असं वाटलं असेल म्हातारीला. मग रहाटाची कुरकुर सुरू झाली आणि चालू राहिली.