वन रूम किचनमध्ये शंभर वॅट

हॅलो, हॅलो... येतोय ना आवाज? मी ज्ञानदाचा ॲम्प बोलतोय. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारा तो काळा खोका असतो ना, तोच मी. शंभर वॅटचा! कानांवर हात ठेवू नका, हळूच बोलतोय. मुंबईबाहेरच्या उमेळे गावात एका फ्लॅटमध्ये राहून तेवढं शिकलोय.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला, पण मला अक्कल आली ती मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात. काय दिवस होते! मैदानं, मंडप, हजार-हजार माणसं. मी एकदा गरजलो की शेवटच्या रांगेतले आजोबासुद्धा खुर्ची सोडायचे. नाचायला की पळायला, ते विचारू नका. पुढे ऑर्केस्ट्रातले लोक आपसांत भांडले, ऑर्केस्ट्रा मोडला आणि मी धोबी तलावच्या एका दुकानात 'सेकंड हँड' अशी चिठ्ठी छातीवर लावून उभा राहिलो.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये तिथे आत्माराम आणि त्यांची मुलगी ज्ञानदा आली. ज्ञानदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. शेजारच्या पापडी गावच्या ॲन्सेल्म सरांकडे ती तीन वर्षं गिटार शिकत होती, पण घरी ॲम्प नव्हता. ॲम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती तारांची किरकिर. शेजाऱ्यांना वाटायचं, मुलगी दिवसभर काहीतरी किसतेय.

दुकानदार भला माणूस होता. त्याने एक पंधरा वॅटचा छोटा गडी पुढे केला. "घरी सरावाला हाच बरोबर, काका. हेडफोन लागतो. रेकॉर्डिंग करायचं असेल तर इथून तार काढून सरळ टेपरेकॉर्डरला जोडायची." ज्ञानदाचा चेहरा खुलला. पण आत्माराम पडले मूळचे राजापूरचे, शाळेचा गणवेशही दोन मापं मोठा घेणाऱ्या घरातले. ते म्हणाले, "पंधराच? आत्ता ठीक आहे, पण दोन वर्षांनी पुरेल का? मुलगी शिकतेय, पुढे जाणार."

"काका, ॲम्प वाढत्या अंगाचा घ्यायचा नसतो."

आत्मारामांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "आणि हा?"

"तो शंभरचा आहे. वापरलेला आहे म्हणून पंधराच्याच भावात, पण..."

त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला आत्माराम थांबलेच नाहीत. ज्ञानदा बापाची बाही ओढत राहिली आणि मी मनातल्या मनात उड्या मारत राहिलो. पुन्हा मैदानं, पुन्हा मंडप!

आमच्या बिल्डिंगच्या मागेच जगन्नाथकाकांची वाडी आहे. त्यांचा टेम्पो पहाटे मोगरा घेऊन दादरला जातो आणि रिकामा परततो. दुसऱ्या दिवशी त्या टेम्पोतून, रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून, नवरदेवासारखा घमघमत मी उमेळ्याला पोचलो. तळमजल्यावरच्या सावित्रीकाकूंनी मला आधी पाहिलं आणि हाळी दिली, "वसुंधरा, अगं तुझा फ्रिज आला!"

वसुंधरा म्हणजे ज्ञानदाची आई. कधीपासून फ्रिजची वाट बघणारी ती बिचारी हळदकुंकवाचं ताट घेऊन धावत खाली आली आणि मला पाहून पायरीवरच थबकली. "अहो, हे काय?" पण एकदा बाहेर काढलेलं कुंकू परत कसं न्यायचं? तिने ते माझ्याच कपाळावर लावलं आणि नारळही फोडला. फ्रिजचा मान मला मिळाला. अजून थोडा लालसर डाग आहे, बघा.

मग मला चालू केलं. माझ्या आवाजाच्या बटणावर शून्य ते दहा आकडे आहेत. एकवर मी सर्दी झाल्यासारखा बोललो. दीडवर मांडणीतल्या वाट्या नाचू लागल्या. दोनवर सावित्रीकाकूंच्या घरातली तसबीर खाली आली आणि मागोमाग काकू वर आल्या. त्या दिवसापासून मी दीडच्या पुढे गेलो नाही. शंभर पानांच्या पंगतीचं पातेलं आणि त्यात दोन वाट्या वरण, अशी माझी गत. महिन्याभरात माझ्यावर विणलेला रुमाल आला, त्यावर फुलदाणी आली आणि शेजारीपाजारी आत्मारामांना विचारू लागले, "काय, फ्रिज थंड करतो का?" ते हसण्यावारी न्यायचे, पण मला त्यांचा चेहरा जवळून दिसायचा. मला वाईट वाटायचं.

एप्रिलच्या शेवटी ॲन्सेल्म सर घरी आले. पापडीत त्यांचा लग्नात वाजवणारा बँड होता.

"ज्ञानदा, माझा लीड गिटारवाला दुबईला चालला. ती जागा तुला मिळावी असं मला वाटतं. पण पोरं ऐकत नाहीत, म्हणतात मुलगी नको. तू असं कर, तीन ट्यून वाजवून मला कॅसेट दे. वर नाव टाकू नको. आधी कानांनी ठरवू दे त्यांना. रविवारी चर्चमधल्या मासनंतर प्रॅक्टिस आहे, तेव्हा लावतो."

तीन वर्षं ती याच संधीची वाट बघत होती. शुक्रवारी घरात रेकॉर्डिंग झालं. टेपरेकॉर्डर माझ्यासमोर ठेवला, बटण दीडवर. नंतर कॅसेट लावली तर कुकरच्या तीन शिट्ट्या खणखणीत, सावित्रीकाकूंची भाजीवालीशी घासाघीस खणखणीत आणि त्यांच्या मागे कुठेतरी डासासारखा मी.

ज्ञानदा रडायलाच लागली. "बाबा, तो पंधरावाला घेतला असता तर..." मला तर स्पीकर फाडून घ्यावासा वाटला.

शनिवारी सकाळी आत्माराम जगन्नाथकाकांकडे गेले. "तुमची मोटरची खोली तासभर द्याल का?"

फळीवरून ढकलत ढकलत मला वाडीत नेलं. केळींच्या मधोमध विहीर आणि तिच्या शेजारी पंपाची खोली. ज्ञानदाने बटण फिरवलं. दोन, तीन, चार, पाच! अहाहा! नारळीवरचे कावळे उडाले, जगन्नाथकाका हातातला चहा घेऊन मागे सरकले. आणि कॅसेटवर? नुसती घरघर. अर्धी पंपाच्या मोटरची, कारण तिची आणि माझी लाइन एकच. उरलेली अर्धी माझीच, फाटलेली.

जगन्नाथकाकांनी मोटर बंद केली. "एक तास हां, पोरी. मोगऱ्याला पानी नाय मिळालं तर उद्या दादरला काय माती नेऊ?"

मोटर थांबली, तरी मी फाटतच होतो. घड्याळ पळत होतं. तेवढ्यात डबा घेऊन आलेली वसुंधरा म्हणाली, "टेप त्याच्या तोंडात कशाला कोंबलाय? सावित्रीकाकूंचा रेडिओ आपल्या ओट्यापाशी किती गोड ऐकू येतो! मध्ये स्लॅब असतो ना."

मग टेपरेकॉर्डर वीस पावलं लांब केळीखाली गेला, त्यावर फुलांची टोपली पालथी आणि टोपलीवर गोधडी. खोलीचं दार अर्धं लोटलं. आत्माराम छत्री घेऊन कोंबड्या हाकलायला उभे राहिले. ज्ञानदाने डोळे मिटले आणि वाजवलं. खरं सांगतो, तसं मला ऑर्केस्ट्रातही कोणी वाजवलं नव्हतं. तिसरी ट्यून संपता संपता एका कोंबडीने अंडं घातलं आणि साऱ्या वाडीला कळवलं. पण तास संपला होता. कोंबडीसकट कॅसेट पापडीला गेली.

आमच्या घरी फोन नव्हता. सावित्रीकाकूंचा नंबर हाच आमचा पी.पी. नंबर. रविवारी दुपारी तिथे घंटी वाजली. सगळे जिन्यावर धावले. रिसीव्हर काकूंनी सोडलाच नाही आणि सर बोलतील ते त्या ओरडून सांगू लागल्या. दार उघडं राहिल्यामुळे मलाही वर सगळं ऐकू येत होतं.

"पोरांनी विचारलं, कोण हा? आजच बोलवा याला! ... मग सर म्हणाले, हा नाही, ही!"

"मग?" वसुंधराने विचारलं.

"मग ड्रमवाला म्हणाला, परत लाव. परत लावली. पार कोंबडीपर्यंत!"

"अहो काकू, पण घेतली का तिला?"

"घेतली गं, घेतली! आणि म्हणतात, तो ॲम्पपण पाहिजे!"

जिन्यात जो गलका झाला, तो माझ्या दहाच्या आकड्यालाही जमला नसता.

आता मी ॲन्सेल्म सरांच्या खोलीत राहतो. लग्नसराईत माझा आवाज सातच्या खाली येत नाही. घरच्या सरावासाठी ज्ञानदाने पुढे पंधरा वॅटचाच गडी आणला आणि मला त्याचा मुळीच राग नाही. तुम्हीही घरासाठी लहानच घ्या, हेडफोन लागेल असा घ्या, आणि दुकानदाराचा 'पण' पूर्ण ऐका. एवढीच विनंती. आणि पहिल्या लग्नाचं सांगून मी बंद होतो.

पापडीत चर्चच्या मैदानात रिसेप्शन होतं. ज्ञानदाने वाजवलं, नवरानवरी नाचली, पाव्हणे नाचले, सावित्रीकाकू बसल्या जागी नाचल्या. सगळं आटोपल्यावर बँडची दोन पोरं मला उचलायला आली. तेवढ्यात गर्दीतून आत्माराम पुढे झाले आणि त्यांनी माझी एका बाजूची मूठ धरली.

"राहू द्या काका, फार जड आहे तो."

"ठाऊक आहे," आत्माराम म्हणाले. "मीच आणलाय."