जानकीच्या लुगड्याची घडी

गंगाराम मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून जिवंत परत आला याचं वालावल गावभर कौतुक झालं. लघवीच्या वाटेवर प्रोस्टेट नावाची गाठ असते, म्हाताऱ्या पुरुषांना तिथे कॅन्सर होतो. डॉक्टरांनी तो कोबाल्टच्या यंत्राखाली जाळला. किरणांचा नेम धरायला पोटावर जांभळ्या शाईच्या रेघा मारल्या आणि बजावलं, यांना पाणी लावायचं नाही. लावायचं कधीपासून, ते सांगायला विसरले. घरी आल्यावरही गंगाराम त्या रेघा देवाच्या अंगाऱ्यासारख्या जपत बसला. शेवटी बायकोने, जानकीने, त्याला न्हाणीत बसवलं आणि खोबरेल चोळून रेघा पुसल्या. म्हणाली, डॉक्टरांचं राज्य संपलं, आता हे अंग माझं.

पण अंग पूर्वीचं राहिलं नव्हतं. लघवीची कळ आली की दम निघत नसे, पडवीतून मागील दारी पोचेपर्यंत धोतर ओलं. बसलं की आग. रात्री बायकोकडे कूस वळवावी असंही काही उरलं नव्हतं. जानकी नुसता त्याचा हात आपल्या पोटावर घेऊन झोपायची. गाव विचारायचं, ‘बरो मां?’ बरो म्हणजे काय, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

श्रावणात देवळात सप्ताह बसला. समईभोवती फिरत हरिनाम चालू ठेवायचं, एकेका घराने आपला पहारा द्यायचा. घरच्या माणसाने टाळ हातात घेतला की नाव तुटता कामा नये, आणि टाळ दुसऱ्या घरच्याला देता कामा नये. दिलात तर पहारा त्या घरचा झाला, कायमचा. गंगारामचा बाप पहारा देत आला, आजा देत आला. मुलगा गुरुदास मुंबईत गिरणीत, त्याची सगळी रजा इस्पितळातच खर्ची पडलेली.

चुलतभाऊ दत्ताराम सकाळीच येऊन पडवीत बसला. दादांनी यंदा उगाच दगदग करू नये म्हणाला. मग आवाज उतरवून खरं बोलला, “देवळात थेंब सांडलो तर लोक काय म्हणतले?”

तो गेल्यावर जानकीने ट्रंकेतून जुनं लुगडं काढलं, फाडलं, मऊ घड्या घातल्या आणि लंगोटात शिवल्या. गंगारामने ते बघून तोंड फिरवलं.

“मी बायलांच्या चिंध्यो लावचंय नाय.”

“मी जल्मभर लावलंय,” जानकी सुई न थांबवता म्हणाली. “धुतलंय, वाळत घातलंय, तेच हातांनी तुमका जेवूक वाढलंय. माझो जीव गेलो नाय. तुमचो कित्याक जातलो?”

गंगाराम उठून तिच्यासमोर उभा राहिला. तिने पोराला बांधावा तसा लंगोट बांधला, वर धोतर चापूनचोपून नेसवलं आणि देवळात त्याच्या मागोमाग गेली.

भर दुपारी पहारा सुरू झाला. गंगाराम समईभोवती फिरू लागला, आवाज लागला, चेहरा उजळला. मधे थोडं ओलं झालं, घडीने पिऊन टाकलं. कोणाला कळलं नाही. जानकीला कळलं, कारण तो क्षणभर थबकला होता. खांबाला टेकून तिने मान हलवली, चला.

मग मोठी कळ आली. ही घडीच्या हातची नव्हती. त्याचे गुडघे जवळ आले. दत्ताराम बसल्या जागेवरून उठला आणि हात पुढे करून आला. गंगारामने त्या हाताकडे पाहिलं, आणि नाव न सोडता, पाय ओढत खांबापाशी गेला. जानकीने त्याच्या तोंडातलं नाव उचललं, तेव्हाच त्याने आपलं थांबवून टाळ पुढे केला.

“धर गो,” तो जानकीला म्हणाला. “तोडू नको.”

नाव चालू ठेवूनच तिने टाळ धरला. बाईमाणसाने देवळात पहारा दिल्याचं गावाने पाहिलं नव्हतं. ती समईभोवती फिरू लागली.

“वयनी, ह्यां काय?” दत्ताराम म्हणाला. जानकीचं तोंड हरिनामात गुंतलेलं, ती काय उत्तर देणार?

उत्तर म्हाताऱ्या विश्रामबुवाने दिलं. गावची भजनं त्याच्याच गळ्यावर चालायची.

“नाव तुटला?” त्याने विचारलं. “नाय मां? टाळ घराभायर गेलो? मगे गप ऱ्हव.”

गंगाराम देवळाशेजारच्या तळ्याकडच्या झुडपांमागून हातपाय धुऊन परत आला. जानकीने टाळ पुढे केला. त्याने घेतला नाही. लग्नाच्या दिवसापासून तो पुढे आणि ती मागे चालत आली होती. आज तो तिच्या मागून चालला, हळू, आग सांभाळत, आणि तिच्या नावात आपलं नाव मिसळून फिरू लागला.