ऋणाला ऋणाने गुणलं तर

१८८३ सालच्या थंडीतली गोष्ट. ठाण्याच्या तळ्याकाठच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत गोपीनाथ मास्तर दहा वर्षं गणित शिकवत होते. खालच्या वर्गांना गणित अजून मराठीतूनच असे, आणि दहा वर्षं मुलांच्या हाती तेच एक बीजगणिताचं पुस्तक होतं. त्या सकाळी मास्तरांनी वर्गाला विचारलं, की ऋणाला ऋणाने गुणलं तर काय येतं. बावीस मुलांनी एका सुरात सांगितलं, धन. का येतं, असं विचारलं तर बावीसही मुलं खाली बघू लागली. शेवटी एकाने धीर करून सांगितलं, की पुस्तकात तसं दिलंय.

मास्तर तडक हेडमास्तरांकडे गेले. हे पुस्तक बदला, नाहीतर दुसरा मास्तर बघा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हेडमास्तरांना हे दरवर्षी ऐकायची सवय होती. शनिवारी कमिटी बसणार आहे, तेव्हा कुठलं पुस्तक हवं ते कमिटीलाच सांगा, म्हणून त्यांनी मास्तरांची बोळवण केली.

पुस्तकं तीन जमली. पहिलं कमिटीचे अध्यक्ष, पेन्शनीत निघालेले मामलेदारसाहेब, यांच्या मेहुण्याने लिहिलेलं. दुसरं विठ्ठलराव वकिलांनी मुंबईहून आणवलेलं, चांगलं जाडजूड, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं. तिसरं पातळसं, कल्याणच्या एका म्हाताऱ्या पंतोजींनी शिळाप्रेसवर स्वतः छापून घेतलेलं. त्याची शाई बोटांना लागे.

मास्तरांनी तिन्ही वाचली आणि त्यांना तिन्ही सारखीच वाटली, कारण त्यांना उत्तरं आधीच ठाऊक होती. तेव्हा जेवणं उरकल्यावर त्यांनी ती कमळाबाईंपुढे ठेवली. लग्नानंतर त्यांनीच बायकोला वाचायला शिकवलं होतं, आणि आता ती पंचांगापासून पुडीच्या कागदापर्यंत काही सोडत नसे. बीजगणित मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. ऋणाच्या गुणाकाराचा धडा तिन्हींत वाच आणि कुठला कळतो ते सांग, असं त्यांनी सांगितलं.

मेहुण्यांचं पुस्तक तिने लवकरच मिटलं. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होतं, म्हणाली. वकिलांच्या पुस्तकात एका पानावर सहा वेळा 'हे उघडच आहे' असं होतं. काय उघड आहे, असं तिने नवऱ्याला विचारलं.

मास्तरांनी समजावलं. तिला कळलं नाही. त्यांनी तेच शब्द मोठ्या आवाजात पुन्हा सांगितले. तिने शांतपणे पुन्हा विचारलं, "ते ठीक आहे. पण का?"

मास्तर चिडून ओट्यावर जाऊन बसले. बसल्या बसल्या मनातल्या मनात तिला उत्तर देऊ लागले, आणि प्रत्येक वेळी त्याच एका जागी येऊन अडू लागले. 'का' ते त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. विद्यार्थी असताना त्यांनीही बाकीच्यांबरोबर सुरात 'धन' म्हटलं होतं आणि दहा वर्षं तेच पुढे वाटत आले होते. त्या दिवशी वर्गात मुलांवर आलेला राग त्यांना आता नीट धरताही येईना.

ते आत आले तेव्हा कमळाबाई तिसरं पुस्तक वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे कळलं मला. पाण्याचं आहे."

धडा असा होता. मिठागरात बांध घालून केलेल्या कोंडीतलं पाणी उन्हाने रोज दोन बोटं उतरतं. उतरणं म्हणजे ऋण. उद्या-परवा म्हणजे पुढचे दिवस, ते धन. काल-परवा म्हणजे मागचे, ते ऋण. तर तीन दिवस मागे गेलो असता पाणी आजच्यापेक्षा किती होतं? सहा बोटं जास्त. जास्त म्हणजे धन. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, आणि पंतोजींचा त्यांना एकदम हेवा वाटला.

शनिवारी कमिटीपुढे त्यांनी तोच धडा वाचून दाखवला. मामलेदारसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. गणितासारख्या विषयात चिखल आणि मीठ आणणं शिष्टसंमत नाही, असं त्यांचं मत पडलं. विठ्ठलराव म्हणाले, की पुस्तक फारच पातळ आहे, पालकांना विश्वास वाटायचा नाही. मग दोघे आपापल्या पुस्तकांचे गुण सांगू लागले, आणि पाऊण तास गेला तरी कुणी धड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

कोपऱ्यात बाळकुमचे धाकू पाटील बसत. शाळेची जागा त्यांची, म्हणून त्यांना कमिटीत घेतलेलं. त्यांचं मत मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वकिलांना गाठलं आणि धडा आपल्या शब्दांत सांगा म्हणाले. विठ्ठलराव 'ऋण' म्हणून थांबले. मामलेदारसाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

तेव्हा धाकू पाटील म्हणाले, "त्यात काय हाय? पानी रोज दोन बोटां उतरतंय. मंग तीन दिसांआधी ता सा बोटां वर व्हता. ह्या आमचे कोंडीवरच्या बायाही सांगतील."

हेडमास्तरांनी घाईघाईने पंतोजींचं पुस्तक लावण्याचा ठराव लिहून टाकला. पण मामलेदारसाहेबांनी सही करताना खाली एक अट घातली: लेखकाने 'मिठागर' काढून तिथे 'जलाशय' घालावं.

ती अट घेऊन मास्तर रविवारी गाडीने कल्याणला गेले. पंतोजींनी ठराव दोनदा वाचला, घडी केली आणि परत दिला. म्हणाले, "साहेबांना म्हणावं, जलाशयात मीठ पिकवून दाखवा. मग बदलतो."

मास्तरांनी वाद घातला नाही. अट अंमलात आली की नाही हे पाहायला मामलेदारसाहेब पुस्तक उघडणार नाहीत, याची त्यांना खात्री होती. पंचवीस प्रतींचं गाठोडं बांधून ते घरी आले.

कमळाबाईंनी वरचीच प्रत उचलून पुढचे धडे वाचायला घेतले. एकतिसाव्या पानावर थांबल्या, बोटांवर हिशेब केला, पुन्हा वाचलं आणि सांगितलं, की इथे सात हवेत, छापणाऱ्याने नऊ घातलेत. मास्तरांनी पाहिलं. नऊच होते, आणि पंचवीसही प्रतींत होते. त्यांनी डोक्याला हात लावला. मग उठून दौत आणि दोन बोरू घेऊन आले, एक कमळाबाईंपुढे ठेवला आणि गाठोडं सोडलं.