टीव्हीमागची चार बोटं जागा

मी पाल बोलतेय. किंचाळू नका. झाडू खाली ठेवा आणि जरा ऐकून घ्या. तुम्ही रोज संध्याकाळी ज्यांचं ऐकता त्यांच्यापेक्षा मी कमी बोलते आणि मधे जाहिराती दाखवत नाही.

बेंगळुरात, मल्लेश्वरमच्या एका गल्लीत सयाजीरावांचं घर आहे. त्यांच्या दिवाणखान्यात टीव्ही आहे, आणि टीव्ही आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटं जागा आहे. तिथे मी राहते. माझा जन्मही तिथलाच. आईनं बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सात अंडं घातलं आणि ती निघून गेली. डोळे उघडले तेव्हा पहिला आवाज कानावर पडला तो 'आत्ताची सर्वांत मोठी बातमी'. मला वाटलं, माझ्याच जन्माची आहे.

तेव्हापासून मी राजकारणात आहे. म्हणजे जवळून आहे. लाल पट्टी झळकायला लागली की उजेडाला किडे जास्त येतात, त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत माझी तब्येत चांगली सुधारते. पण मी नुसती खाऊन बसणारी नाही, मी मन लावून बघते. एका चौकटीत आठ-नऊ माणसं कोंबलेली असतात, सगळी एकदम बोलतात, आणि त्यांना आवरायला बसवलेला माणूस सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडतो. सकाळी मंत्री सांगतात, शहरात खड्डे नाहीत. संध्याकाळी तेच सांगतात, सगळे खड्डे बुजवले. मालिकांचं तर विचारूच नका. सून दागिने घालून भांडी घासते, आणि दुधात जी पाल पडते ती रबराची असते. मी नीट बघितलं आहे. अभिनय शून्य.

आमच्यात हे असले प्रकार नाहीत. भिंतीवर दोघी समोरासमोर आल्या तर एक बोलते, दुसरी ऐकते, मग एकजण निघून जाते. कुणी पलीकडच्या भिंतीवर गेलीच, तर तिला हार घालून फोटो काढत नाहीत.

आता माझ्या मानाचं सांगते. आम्ही चुकचुकलो की त्या क्षणी जे बोललं गेलं ते खरं, असं या घरात मानतात. लगेच बोटानं टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणतात. टीव्हीवरच्या एका तरी माणसाचं बोलणं ऐकून कुणी असं म्हणतं का? पुस्तकांतून मात्र 'मनात शंकेची पाल चुकचुकली' असं लिहितात. मला हे अजिबात पसंत नाही. इथे माझ्या आवाजानं शंका मिटते.

या मानाला सर्वांत जास्त मानणारा माणूस म्हणजे शेजारचे वादिराज. दोन्ही घरांची भिंत एकच. सयाजीरावांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून इथलंच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. वादिराजांच्या घरात कन्नड, पण लहानपणापासून इथे येऊन येऊन त्यांना मराठीत भांडता येतं. एकदा ते जागा घ्यायला निघाले होते. 'व्यवहार काही खरा दिसत नाही,' असं म्हणायला आणि मी चुकचुकायला एकच गाठ पडली. त्यांनी जागाच घेतली नाही.

दोघंही निवृत्त. रोज संध्याकाळी वादिराज येणार, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसणार, सयाजीरावांच्या पत्नी मालनबाई कॉफी देणार, आणि बातम्या सुरू होणार. सयाजीरावांचा पक्ष एक, वादिराजांचा दुसरा. सरकार बदललं की दोघांची वाक्यं बदलायची. जो काल पेट्रोलच्या भावावर ओरडत होता तो आज समजावून सांगायचा, आणि समजावणारा ओरडायचा. खुर्च्या मात्र ज्याच्या त्याच्याच.

"तुझ्या पुढाऱ्याला मोरीवर पूल बांधता येत न्हाई, आणि जमिनीखालनं रस्ता काढतो म्हणतोय," असं सयाजीराव म्हणायचे.

"सरी, बरं, तुझ्या पुढाऱ्यानं तळी बुजवली, आता टँकरचं पाणी पी," असं वादिराज म्हणायचे.

इतकी सरस चर्चा मी कुठल्याही वाहिनीवर ऐकलेली नाही. दोघंच बोलत, आणि शेवटी दोघंही हसत.

मग ती संध्याकाळ आली. थंडीचे दिवस होते, मालनबाई ताट घेऊन अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. टीव्हीवर एक बस दाखवत होते. खिडक्यांना पडदे, आत आमदार, बस रिसॉर्टकडे. वादिराजांच्या पक्षाचे आमदार होते. सयाजीराव खुशीत होते आणि खुशीत त्यांची जीभ सैल सुटते.

"तुमच्यात सगळेच विकलेले," ते म्हणाले. "तू बी त्यातलाच. त्या नगरसेवकानं तुझ्या दारापुढं काँक्रीट घातलं, तेव्हापासनं तुझं तोंड बंद हाय. तूही विकला गेलास, वादिराज."

नेमकी त्याच वेळी ट्यूबलाइटमागे राहणारी ती दुसरी भोचक पाल माझ्या हद्दीत उतरली. मी चुकचुकून तिला दम दिला. मला माझी हद्द राखायची होती, दुसरं काही नाही. पण मालनबाईंचं बोट सवयीनं ताटावर वाजलं. "कृष्ण कृष्ण."

वादिराजांनी भिंतीकडे बघितलं, मग मालनबाईंकडे. "मालनक्का, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाले आणि उठले. कॉफी अर्धी तशीच राहिली.

आपल्या बोटानं काय केलं ते मालनबाईंना कळलं तेव्हा वादिराज गेटबाहेर गेले होते. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. सयाजीराव म्हणाले, "येईल की. जातोय कुठं." पण स्वतः उठून चार पावलं शेजारी गेले नाहीत. त्यांचा ताठा मला माहीत आहे, मलाही तो आहे.

घर बदललं. निवेदक रोज विचारायचा, 'देशाला उत्तर हवंय', आणि सयाजीराव उत्तरच द्यायचे नाहीत. सरकारनं काहीही केलं तरी शिवी नाही. मालनबाईंच्या हातात रिमोट आला. आधी त्यांना बरं वाटलं, मग त्याही मालिका अर्ध्यात बंद करायला लागल्या. वेताच्या खुर्चीत धुतलेले कपडे साठू लागले. मला स्पष्ट सांगायला हवं, मला त्या दोघांची फार आठवण यायची.

आणि मग माझ्यावर आलं. अभिमन्यू हा घरचा मुलगा, आणि त्याची बायको भव्या पुण्याची. हुशार आहे, पण मला बघितलं की सोफ्यावर चढते. तिचं कधीपासून चाललं होतं, "अभी, तो नवीन टीव्ही घेऊ या ना, भिंतीला एकदम फ्लश बसतो. मागे काही राहायलाच नको. आय मीन, काहीच." आजवर सयाजीराव सांगायचे, "ती आपल्या घरची हाय, असू दे." या खेपेला म्हणाले, "करा काय करायचं ते. तिच्यापायीच झालंय सगळं."

शनिवारी दुकानाची माणसं आली. जुना टीव्ही उतरवला आणि मी उघड्या भिंतीवर आले. माझं चार बोटांचं घर सगळ्यांसमोर नुसती चौकोनी धुळकट खूण होऊन राहिलं. मी कोपऱ्यात वर सरकले. माणसानं ड्रिल लावलं आणि भिंत हादरायला लागली. भिंत एकच ना. थोड्या वेळानं दारात वादिराज उभे.

"स्वल्प हळू म्हणावं," ते अभिमन्यूला म्हणाले. "माझे देव पडताहेत फळीवरनं." आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

सयाजीरावांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. ड्रिल थांबलं. वादिराज जायला वळले तेव्हा मालनबाईंचा बांध फुटला.

"वादिराज अण्णा, त्या दिवशी माझं बोट नुसतं सवयीनं वाजलं हो. तुम्ही आल्याबिगर ह्यांना बातमी गोड लागत न्हाई, जेवण गोड लागत न्हाई. तुमच्याशिवाय ह्यांचं कोणी न्हाई."

सयाजीरावांचं तोंड उघडू लागलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं: 'तसं काय न्हाई.' ते बाहेर पडलं असतं आणि कुणी चुकचुकलं असतं, तर सगळंच संपलं असतं. आणि मी गप्प बसले तर वादिराज चालले होते. समोर किडा नव्हता, ती भोचकही नव्हती. उघड्या भिंतीवर आवाज काढणं म्हणजे मी इथे आहे असं स्वतःहून सांगणं. पण इतकी वर्षं टीव्हीमागे काढली, त्यात एक विद्या मी शिकले आहे: समोरच्याचं वाक्य सुरू होण्याआधी आपलं घुसवायचं.

मी चुकचुकले. मोठ्यानं, तीनदा.

भव्या सोफ्यावर चढली. अभिमन्यूचा झाडू आला. मी निसटले, पण शेपटी खाली पडली आणि फरशीवर वळवळत राहिली.

"ए, मारू नको तिला," वादिराज ओरडले. चप्पल काढून ते आत आले होते. त्यांनी दाराच्या चौकटीवर बोट वाजवलं. "कृष्ण कृष्ण." मग सयाजीरावांना विचारलं, "खरं काय रे?"

सयाजीरावांनी त्या शेपटीकडे बघितलं. "खरं हाय," ते म्हणाले. "त्या दिवशीचं खोटं होतं. मी वंगाळ बोललो. तू विकला जाणारा माणूस न्हाईस."

वादिराजांनी खुर्चीतले कपडे उचलून भव्याच्या हातात दिले आणि बसले. "मालनक्का, माझी अर्धी कॉफी राहिली होती."

दुकानाचा माणूस ड्रिल घेऊन खोळंबला होता. त्यानं विचारलं, "फ्लश बसवू ना, सर?"

"न्हाई," सयाजीराव म्हणाले. "मागं चार बोटं जागा सोड."

तर अशी मी. नवा टीव्ही मोठा आहे, उजेड भरपूर, किडे उत्तम. शेपटी परत आली आहे, पहिल्यासारखी लांब नाही, जरा बोथट आणि रंगानं वेगळी. मी ती लपवत नाही. ती कुठे गेली हे सांगायला मला आवडतं, कारण या गल्लीत खरं बोलण्यासाठी शेपटी देणारी मी एकटीच आहे.

भव्या अजून सोफ्यावर चढते, पण झाडू मागत नाही. तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. मला बघितलंत तर झाडू उचलण्याआधी बाजूच्या खुर्चीत तुमच्याशी भांडणारं कोणी बसलंय का ते बघा. खुर्चीत कपडे साठले असतील, तर आधी शेजारी जाऊन या.

आता जाते. बातम्या लागल्या आहेत, आणि आत सयाजीरावांनी पहिली शिवी दिली आहे.