दोन पोटांचा मी

मी तानुबाईंच्या गाईच्या पोटातला एक जंतू. की होतो? मघापर्यंत एक होतो, आता फुटून दोन झालो आहे. त्यातला कोणता बोलतोय, ते मलाही सांगता येत नाही.

माझा जन्म अंधारात, उबेत झाला. काम एकच. गाय कडबा खायची, निवांत बसून रवंथ करायची आणि चावलेला घास खाली आला की आम्ही तो कुजवून तिला बळ द्यायचो. आपण कुणाच्या उपयोगी आहोत, हे मात्र मला कधी कळलं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आले. शेजारच्या भागवतचा बैल चांद्या खाली बसला होता. ना खाणं, ना रवंथ. काल ओवाळायला दारोदार नेला, तेव्हा घरोघरी पुरणपोळ्या चारल्या होत्या.

"पोट आंबलंय," गुरांचे डॉक्टर म्हणाले. "कडबा पचवणारे जंतू मेले. औषध दिलंय, पण आता धडधाकट जनावराचे जंतू पोटात घालावे लागतील."

"जंतू घालायचे?" भागवतची बायको वंदना म्हणाली. "आन् आता हात धुवाले साबण कायले मागितला मंग?"

मलाही तेच विचारायचं होतं.

तेवढ्यात गाईच्या तोंडात बोटं शिरली. तानुबाईंनी चावता घास काढून घेतला, त्यात मी होतो; फुटून झालेला दुसरा मी पोटातच राहिला. उजेड! वारा! आमच्या कुळाला वारा सोसत नाही. बरोबरचे कितीतरी तिथेच गेले. उरलेल्यांना कोमट पाण्यात कालवलं.

"घे बे चांद्या, गावभरच्या पोळ्या खाल्ल्या, आता माह्या गाईचं उष्टं खाय!"

"काकू, हासून काऊन राह्यल्या? तो कानबी हलवत नाही."

"हासू नाही तं काय करू, भागवत? दोन पोळ्या मीच चारल्या त्याले."

डॉक्टरांनी चांद्याच्या घशात सोडलेल्या नळीतून मी खाली घसरलो. अंधार तोच, ऊबही तीच, पण सगळं आंबट. माझ्यासारखे मरून पडलेले. मी इथे औषध म्हणून आलो, की मरायला?

काही सुचेना, म्हणून एका काडीला चिकटलो आणि काम सुरू केलं. फुटलो, दोन झालो, चार झालो. आंबटपणा हळूहळू उतरत गेला. मग एकदा ते पोट हललं आणि घास वर गेला.

"वंदे, पाह्य! रवंथ करून राह्यला!" भागवत ओरडला.

बाबांनो, पुढच्या पोळ्याला पोळीचा एकच घास द्या. बाकीची माया पाठीवर हात फिरवून करा. पाठीवर आम्ही राहत नाही.

पलीकडे गाय हंबरली. घरून हाक आल्यासारखं वाटलं. ओ कोणी द्यायची, इथे आलेल्याने की तिथे राहिलेल्याने? विचार पुरा होण्याआधीच चांद्याने चावलेला घास खाली पाठवला. मी त्याला चिकटलो.