दोहाला गेलेल्या माणसाची गाडी

इंजिन गरम होतं.

ओबुराने हाताची मागची बाजू नुसती टेकवली आणि काढून घेतली. फोनवर त्याने ओचोलाला बजावलं होतं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नकोस. थंड इंजिन कुरकुरतं, धूर सोडतं, टकटक करतं, पोटात असेल ते सगळं ओकून टाकतं. एकदा तापलं की ते विकणाऱ्याच्या बाजूचं होतं.

"सकाळी चालवलीस?"

"मी? देवाशप्पथ हात नाही लावला. ऊन आहे ना दादा. लोखंड तापतंच."

मोटरसायकल आंब्याच्या दाट सावलीत उभी होती.

या महिन्यात ओबुराने इतक्या गाड्या बघितल्या होत्या की खोटं ऐकून चिडायचीही ताकद उरली नव्हती. एकीचा चेसिस नंबर घासलेला. एकीच्या टाकीला लांबी भरून वर झकास रंग, आणि खाली गंजाची चाळण. एकीचा मालक म्हणाला होता, मास्तरणीने चालवलीय, फक्त चर्चला जायला. चर्च बहुतेक देशाच्या दुसऱ्या टोकाला, मोम्बासाला असावं.

कशाला हवी होती

हे खरं तर आधी सांगायला पाहिजे होतं.

तळ्याकाठच्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या पेटीत घालायच्या आणि किसुमू शहरातल्या लॅबमध्ये पोचवायच्या, हे ओबुराचं काम. गाडी स्वतःची, पेट्रोल लॅबचं. इतकी वर्षं एका सिलिंडरच्या छोट्या गाडीवर केलं. तिने हादरे दे देऊन त्याच्या कमरेचे मणके एकमेकांवर बसवले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, एक तर काम सोडा, नाही तर ही गाडी सोडा. मग गाडीच आधी मेली.

लॅबच्या बाई म्हणाल्या, सोमवारी गाडी घेऊन आलास तर फेरा तुझा. नाही आलास तर दुसरा माणूस तयार आहे.

आज शुक्रवार.

आणि ही समोर उभी. चारशे सीसीची, दोन सिलिंडरची रोडस्टर. शर्यतीच्या गाडीसारखी पोटावर निजवणारी नाही, माळरानावरच्या गाडीसारखी उंटाएवढीही नाही. सरळ हँडल, ताठ बसवणारी सीट, अंगावर झूल न घेतलेलं उघडं इंजिन. कमरेचं दुखणं असलेल्या माणसासाठीच कुणीतरी बसून काढल्यासारखी.

चेन, फोर्क

चेन नीट ताणलेली, तेल घातलेली. स्प्रॉकेटचे दात शाबूत. फोर्कच्या नळ्या बोटाने पुसल्या, तेलाचा डाग नाही. पुढचं चाक उचलून हँडल अलगद डावी-उजवीकडे सोडलं, मध्ये कुठे अडखळलं नाही. म्हणजे हँडलच्या मानेतला कोनसेटही चांगला.

खाली वाकल्यावर पुन्हा सरळ होताना त्याला टाकीचा आधार घ्यावा लागला.

"गाडी कुणाची म्हणालास?"

"थोरल्या भावाची. वासोंगाची. दोहाला गेला ना तो. टँकर चालवतो तिकडे. मला म्हणाला, ओचोला, धूळ खात पडण्यापेक्षा विकून टाक."

"मग घरात का नाही दाखवलीस? इथे रस्त्याकडेला?"

ओचोलाने मागे शेराच्या कुंपणाकडे पाहिलं. आत पत्र्याची घरं होती, फाटक लोटलेलं. "आत कोंबड्या आहेत हो. पायात पायात येतात."

टाकी

टाकीवर ओरखडे होते. दोन्ही बाजूंना. आरशांच्या मागे, दिव्याच्या कडेवर, सीटच्या कातड्यावरही.

पडलीय, ओबुराला वाटलं. असणारच काहीतरी. जवळजवळ बरं वाटलं त्याला. दोष सापडला की भाव करता येतो, नाही तर घरी जाता येतं.

पण पडलेली गाडी एका बाजूला पडते. आणि पडलेल्या गाडीला खरवड असते, खोल, पांढरी. हे ओरखडे बारीक होते, एकमेकांना धरून चाललेले, वरून खाली. झुडपांतून नेली? झुडपांचे ओरखडे खाली असतात, पायाशी. हे सगळे वरच्या अंगाला.

क्लचच्या तारेखाली काहीतरी अडकलं होतं. त्याने नखाने ओढून काढलं. वाळलेल्या वेलीचा तुकडा. बोंब्वे.

आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. इथे जन्मलेल्या कुठल्याही पोराने जे लांबून ओळखलं असतं, ते तो सिलिंडर आणि स्प्रॉकेट बघत बसल्यामुळे इतका वेळ चुकत होता. बोंब्वेची वेल माणूस गाडीला एकाच दिवशी बांधतो. मातीनंतर, बुरूच्या मिरवणुकीच्या दिवशी. बैल पुढे, माणसं मागे, अंगावर वेली आणि फांद्या, आणि हल्ली मोटरसायकली, इंजिनं किंचाळेपर्यंत पिळलेली, मरणाला गावाच्या हद्दीपार हाकलायला. गाडीला बांधलेल्या फांद्याच तिला ओरबाडतात.

त्याने वेलीचा तुकडा तळहातावर ठेवून पुढे केला.

"ओचोला, भाऊ दोहाला विमानाने गेला की बैलांच्या मागून?"

ओचोलाचा चेहरा पडला. मग त्याने तो उचलला. "तुम्ही गाडी बघायला आलात का माझं घराणं?"

"गाडीच बघतोय."

"बरं. गेला तो. एप्रिलात. ताप डोक्यात गेला. झालं समाधान?" त्याने पायाने माती उकरली. "पण गेलेला माणूस गाडी परत मागायला येणार आहे का?"

"वस्तू वाटायचा दिवस झाला?"

"होईल."

"म्हणजे नाही झाला."

"ओबिएरो काका दिवस काढतील तेव्हा ना! गुडघे धरून बसलेत. पाऊस जाऊ दे म्हणतात, अमका येऊ दे म्हणतात. तोवर काय गाडीला गंज चढू देऊ? तुम्ही किसुमूत राहता दादा, शिकलेसवरलेले, तुम्ही तरी असलं धरून बसू नका."

घरातल्या वडीलधाऱ्याने दिवस ठरवून सगळ्यांसमोर वाटणी केल्याशिवाय गेलेल्याचा सदरासुद्धा कुणी खुंटीवरून काढत नाही. ओबुराला हे माहीत होतं. ओचोलालाही माहीत होतं, म्हणून तर दोहा.

इथेच निघायला हवं होतं.

तो म्हणाला, "किल्ली दे. चालवून बघतो."

तारण म्हणून ओळखपत्र ओचोलाच्या हातावर ठेवलं आणि गाडीवर पाय टाकला.

चालवताना

पहिला गिअर. काही नाही. म्हणजे काही म्हणजे काहीच नाही, ना धक्का, ना खडखड.

लाल मातीचा रस्ता. खड्डा. कमरेने सवयीने श्वास धरला. खड्डा गेला. कमरेने श्वास सोडला.

दुसरा.

पपईची झाडं, सुकत घातलेले ओमेना मासे, त्यांचा वास, शाळेची भिंत.

तिसरा थोडा अडला.

आवाज खोल, दोन सिलिंडरचा, एकामागून एक जिना उतरल्यासारखा. या भागात दुसऱ्या कुठल्याच गाडीचा असा नव्हता.

किती महिन्यांनी दुखत नव्हतं. त्याला रडू यायचंच बाकी होतं, आणि तेही थकव्याने.

(मागचा ब्रेक बघायचा राहिला. राहू दे.)

डांबरी सडकेच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. तिथे एक बाई रिकामा कॅन बाजूला ठेवून उभी होती. अंगात पुरुषाचं जाड जाकीट, तेही उलटं, अस्तर बाहेर. नवऱ्याचे कपडे असे उलटे घालणारी बाई विधवा, इथे ते विचारावं लागत नाही. तिने हात आडवा केला.

ओबुराने गाडी थांबवली.

"तिसऱ्याला अडली ना?" ती म्हणाली.

"थोडी."

"पाय जरा उशिरा उचलायचा. त्यांची सवय. तीच गाडीला लागलीय." तिने टाकीकडे पाहिलं, हात लावला नाही. "मी अपोंडी. वासोंगाची."

"सकाळी तुम्हीच चालवलीत."

"ओचोला बाजारात गेला की काढते. नळापर्यंत यायचं, परत जायचं. मला अजून सुतक आहे, कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. गाडीवर बसलं की पाऊल जमिनीला लागतच नाही, मग कोण काय बोलणार?" ती हसली नाही, पण हसल्यासारखं बोलली.

ओबुराने इंजिन बंद केलं. आता ती हात जोडणार, घेऊ नका म्हणणार, याची त्याने मनात तयारी केली. नाही म्हणणाऱ्या माणसांना उत्तर देणं सोपं असतं.

"घ्या तुम्ही ही," अपोंडी म्हणाली. "चांगल्या हातात जाईल. तुम्ही खड्ड्यात आपटली नाहीत, आधी हळू केलीत. बघितलं मी."

"मग थांबवलंत कशाला?"

"आज घेऊ नका. काकांनी दिवस ठरवला की ती माझ्या वाट्याला येणार. मग मी विकेन तुम्हाला, मी. आज विकली तर पैसा ओचोलाच्या पिठाच्या गिरणीत जाईल. मग वाटणीत मला काय देणार, आरसा?"

"दिवस कधी ठरेल?"

"मला माहीत असतं तर मी इथे नळावर उभी राहिले असते का?"

"मला सोमवारी पाहिजे, वहिनी. सोमवारी नसेल तर कामच जाईल."

अपोंडीने कॅन उचलून नळाखाली लावला. पाणी बारीक येत होतं.

"मग घ्या," ती म्हणाली. "मी काय सांगू."

भाव

ओचोला आंब्याखालीच होता. "काय, लोणी आहे ना?"

ओबुरा उतरला. कमरेत कळ आली नाही, याचाच त्याला राग आला.

"तिसरा गिअर सुटतो," तो म्हणाला.

"चला, थोडं कमी करतो."

"कोनसेट संपलाय." कोनसेट उत्तम होता. या महिन्यात इतकं खोटं ऐकलं, मग एखादं आपलंही, असा त्याने विचार केला. गाडी मोडकी ठरली, गिऱ्हाइकच नाही मिळालं, तर ती राहील इथेच, वाटणीच्या दिवसापर्यंत.

"अजून कमी करतो."

"सायलेन्सर आतून कुजलाय. क्लच जळलाय. टायमिंग चेन वाजतेय, ऐकली नाहीस? एक दिवस इंजिन फुटेल."

ओचोलाने कपाळाचा घाम पुसला. "दादा, निम्म्यात न्या. मला ती डोळ्यांसमोरून गेली पाहिजे. बस."

निम्म्यात.

ओबुराजवळ अजून दोष होते, पण ते गाडीत नव्हते. जितकी गाडी वाईट केली तितकी ती त्याच्या खिशाजवळ आली. वाचणाऱ्या पैशात सोमवारच काय, वर्ष निघालं असतं. या गावचा दवाखानाही त्याच्याच फेऱ्यात होता. दर बुधवारी तो या शेराच्या कुंपणाजवळून जाणार. आणि तो दोन सिलिंडरचा आवाज. आत भांडी घासताना अपोंडी मान वर करणार, दर बुधवारी. त्याला आवाज बंद करून गाडी ढकलत न्यावी लागेल इथून. ढकलायला कंबर कुठाय?

"चल," तो म्हणाला, आणि गाडी पुन्हा सुरू केली.

"पैसे आधी..."

ओबुराने गाडी रस्त्याकडे वळवली नाही. कुंपणाकडे वळवली. पुढच्या चाकानेच फाटक ढकललं आणि सरळ आत शिरला. कोंबड्या खरंच होत्या. त्या चारी बाजूंना उधळल्या.

मोठ्या घरासमोर, उजव्या हाताला, वासोंगाच्या कबरीचा ताज्या मातीचा उंचवटा होता. अजून सिमेंट झालं नव्हतं. पलीकडे छपराखाली एक म्हातारा स्टुलावर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"ओबिएरो काका?"

"कोण रे? आणि ही इथे कशी? ओचोला तर म्हणाला, आज दुरुस्तीला दिलीय."

ओचोला मागून धावत आला आणि फाटकातच थबकला.

"काका, मी गाडी घ्यायला आलो होतो," ओबुरा म्हणाला. मुद्दाम मोठ्याने, शेजारच्या घरांनाही ऐकू जावं इतक्या. "सगळी तपासली. गाडीत काहीही बिघडलेलं नाही. गिअर, कोनसेट, क्लच, सगळं ठीक. मघाशी मी खोटं बोललो. वाटणी झालेली नाही म्हणून घेत नाही. ही अजून कुणाचीच नाही."

शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. मग दुसरी. आता ही गाडी या तालुक्यात कुणीही घेणार नव्हतं, दिवस ठरेपर्यंत.

म्हाताऱ्याने ओचोलाकडे पाहिलं. ओचोलाने ओळखपत्र ओबुराच्या हातात कोंबलं. "मिळालं का काही तुम्हाला? सांगा ना, काय मिळालं?"

ओबुराने ओळखपत्र खिशात ठेवलं.

"बस," ओबिएरो म्हणाला. "लापशी आहे. पिऊन जा."

ओबुरा छपराखाली दगडावर बसला. बसल्यावर कळलं की आता लगेच उठता येणार नाही. त्याने फोन काढला.

"बाई, ओबुरा बोलतोय. सोमवारचं नाही जमणार... नाही, गाडी चांगली होती... नाही, पैशाचं नाही... कधी ते सांगता येत नाही. इथले काका ठरवतील तेव्हा..." पलीकडून बाई बराच वेळ बोलत होत्या. "हो. द्या त्याला फेरा. बुधवारचे दवाखाने समजावून सांगीन मी."

फोन ठेवला तेव्हा ओबिएरो काका त्याच्याकडेच बघत होते.

"कोण ठरवणार म्हणालास?"

"तुम्ही."

म्हाताऱ्याने गुडघ्यावरचे हात उचलले, पुन्हा ठेवले, पाऊस जाऊ दे म्हणाला, आणि आतल्या बाजूला तोंड करून लापशी आणायला सांगितली.