डाव्या दिव्याचा कबुलीजबाब

मी डावा दिवा बोलतोय. गाडीचा, पुढचा. बोलतोय म्हणजे मान खाली घालूनच बोलतोय. आम्हा दिव्यांना डिपर असतो, त्यामुळे मान खाली घालायची सोय आहे. उजेड नीट देता आला नाही तरी एवढं मला छान जमतं.

आधी एक सांगून टाकतो. लोक मला काच म्हणतात, पण मी काच नाही. आतला बल्ब काचेचा, तोंडावरचं झाकण मात्र प्लास्टिकचं. कारखान्यातून निघालो तेव्हा ते इतकं नितळ होतं, की कुणी 'काय सुरेख काच आहे' म्हटलं की मी गप्प बसून ऐकून घ्यायचो. गप्प बसायची सवय तिथूनच लागली असावी.

आमचे मालक छापखान्यात प्रुफं तपासायचे. निवृत्त झाले तरी छापखाना त्यांच्याकडे घरी गठ्ठे पाठवायचा. चारशे पानांत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी तो त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. या डोळ्यांचा त्यांना भारी अभिमान. मालकीणबाई दवाखान्यात नर्स आहेत. त्यांची संध्याकाळची पाळी असली की मालक त्यांना गाडीने सोडायचे, आणि वाटेतल्या दुकानांच्या पाट्यांमधल्या चुका मोठ्याने वाचून दाखवायचे. बाई म्हणायच्या, "अहो, समोर बघा. पाट्या पळून जात नाहीत."

मी आणि उजवा, आम्ही जुळे. पण तीन वर्षांपूर्वी गाडी फाटकाच्या खांबावर घासली, तो फुटला आणि त्याच्या जागी नवा आला. मी जुनाच राहिलो. आमची पत्र्याची शेड आखूड, त्यामुळे दुपारचं ऊन नेमकं माझ्या तोंडावर. आधी चहाच्या कपाला बसतो तसा पिवळेपणा बसला, मग खरखर आली, मग साय धरली. बल्ब आत जीव तोडून जळायचा आणि त्याचा उजेड माझ्याच तोंडात अडकून राहायचा.

मालक रोज सकाळी गाडी पुसायचे. फडकं माझ्यावरूनही फिरायचं. पण सकाळच्या उजेडात दिवा लावून कोण बघतो? संध्याकाळी उजवा रस्ता दाखवायचा आणि मी त्याच्या जिवावर मिरवायचो. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

मग ती पावसाची संध्याकाळ आली.

बाईंना सोडून मालक परत येत होते. अंधारून आलं होतं. गाडी आमच्या गल्लीत वळली. वळणावर डाव्या कडेला शेजारचे दादा उभे होते. दादा म्हणजे निवृत्त पोस्टमन. काळी छत्री, काळा रेनकोट. मला ते दिसले. खरं सांगतो, मला दिसले. पण मला दिसून काय उपयोग? दाखवायचं काम माझं होतं, आणि मी दाखवू शकलो नाही.

दादांनी मागे उडी मारली आणि ते गटारात पडले. गाडी त्यांना लागली नाही, पण उजवं मनगट मोडलं.

मालक पावसात धावत उतरले. "दादा, मला दिसलाच नाहीत हो! डावीकडचं मला काही दिसलंच नाही!"

दादा कण्हत म्हणाले, "अरे, छत्री काळी, कोट काळा. तुला दिसणार काय, कपाळ?"

पण मालकांच्या डोक्यात एकच बसलं. डावीकडचं दिसलं नाही, म्हणजे डावा डोळा गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "डोळे उत्तम आहेत." मालकांना पटेना. "हल्ली डॉक्टर तोंडावर सांगत नाहीत," म्हणाले. घरी येऊन उजव्या डोळ्यावर तळवा धरायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचे. सगळं वाचता यायचं, तरी मान हलवायचे. गाडीची किल्ली शिलाई मशीनच्या खणात गेली. त्याच आठवड्यात छापखान्याचा माणूस गठ्ठा घेऊन आला, तर त्यांनी तो दारातूनच परत पाठवला. मी शेडमधून ऐकत होतो. "ज्याला माणूस दिसत नाही, त्याला स्वल्पविराम काय दिसणार?"

ते शब्द ऐकून मला फुटून जावंसं वाटलं. चूक माझी, आणि बोल त्यांच्या डोळ्यांना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी रोज बघत होतो. बाई दोन बस बदलून कामावर जाऊ लागल्या. दादा समोरून आले की मालक खाली बघायचे. त्या मोडक्या हाताकडे त्यांनी एकदाही नजर उचलली नाही.

शेवटी ठरलं, गाडी विकायची. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं.

गुरुवारी मालकांनी मला न्याहाळलं. "हे तोंड गिऱ्हाइकाला कसं दाखवायचं?"

बाई म्हणाल्या, "टूथपेस्टने घासा म्हणे. आमच्या वॉर्डातल्या आया सांगत होत्या."

घासलं. ज्याला दात नाहीत त्याला टूथपेस्ट! दुपारपर्यंत चमकलो आणि शुक्रवारी पुन्हा होतो तसाच. शेंदूर उतरल्यावर आतलं दिसावं, तशी माझी शोभा झाली.

शनिवारी मालक रंगाच्या दुकानातून सामान घेऊन आले. मुळात कामाला चोख माणूस. माझ्या भोवती कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे गाडीचा रंग खरवडणार नाही. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. पहिला जरा खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. दादा प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत घालून वेळ काढायला आले आणि डाव्या हाताने माझ्यावर पाणी मारत बसले. मालक "बसा" म्हणाले, पण मान वर केली नाही.

माझ्या अंगावरून पिवळं पाणी वाहू लागलं. सगळ्यांसमोर वाहत होतं. एवढी घाण माझ्यात होती हे मलाही ठाऊक नव्हतं. पिवळं संपलं तर मी पांढराफट्ट, दुधाळ झालो. आरपार काही दिसेना.

मालकांनी पेपर खाली ठेवला. "वाटोळं केलं मी याचं."

"काही वाटोळं नाही," दादा म्हणाले. "दुकानदाराने काय सांगितलंय? सगळे पेपर झाल्याशिवाय बोलायचं नाही. घास."

मालक घासत राहिले. मग पॉलिश चोळलं. आणि हळूहळू, किती वर्षांनी, बाहेरचं जग मला नीट दिसू लागलं. मालकांचा घामेजलेला चेहरा दिसला. तो एवढा उतरला असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी उन्हापासून राखणारा पारदर्शक थर लावला आणि वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला.

दिवस कलला. "लावून तर बघ," दादा म्हणाले. मालक चालकाच्या जागी बसले आणि त्यांनी बटण फिरवलं.

समोर कुंपणाची भिंत होती. उजव्याचा उजेड उजवीकडे पडला. माझा डावीकडे. तिथे नळ होता, नळाखाली उपडी बादली, बादलीवर बाईंच्या धुतलेल्या चपला. मालक बघतच राहिले. सवयीने त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा धरला. नळ दिसत होता. चपलेचा तुटका पट्टासुद्धा दिसत होता.

मग ते खाली उतरले. "दादा, डोळा नव्हता. हा दिवा होता. रोज पुसला मी हा. तीन वर्षांत एकदाही लावून समोर उभा राहिलो नाही. लोकांच्या चुका काढत हिंडलो, आणि ही माझी चूक... डोळा गेला असता तरी बरं होतं."

"का? डोळा गेला असता तर माझा हात जुळला असता?"

मालक खाली पडलेले पेपर गोळा करू लागले.

"छत्री आण घरातून," दादा म्हणाले. "काळीच आण."

दादा छत्री उघडून गल्लीच्या वळणावर, डाव्या कडेला, नेमके त्याच जागी जाऊन उभे राहिले. मालक ओरडले, "दादा, वेड लागलंय का?"

"कोपऱ्यावरून फिरून ये. सावकाश."

मालक पुन्हा गाडीत बसले, पण किल्ली फिरवेनात. फाटकात बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, भावजी तिथे उभे राहतायत. तुम्हाला नुसतं बसून यायचंय. जा."

गाडी कोपऱ्यावरून फिरून आली. वळणाआधीच्या त्या चार हातांत मला जी भीती वाटली, ती गिऱ्हाइकाची नव्हती, भंगाराचीही नव्हती. गाडी वळली. मी होता नव्हता तेवढा सगळा उजेड कडेला टाकला. छत्री दिसली. दादा दिसले. गाडी दहा पावलं अलीकडेच थांबली.

दादांनी प्लास्टरचा हात झोळीतून काढून वर धरला. त्यावर त्यांनीच, डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. सगळ्या गल्लीने वाचून झालं होतं. मालकांनी मात्र त्या हाताकडे कधी पाहिलंच नव्हतं. आता त्यांनी माझ्या उजेडात, काचेआडून, एकेक शब्द लावत मोठ्याने वाचलं.

"नाजूक माल. जपून हाताळा."

आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ते रडले.

गिऱ्हाईक रविवारी आलं आणि नुसता चहा पिऊन गेलं. सोमवारी मालक स्वतः गाडी घेऊन छापखान्यात गेले आणि गठ्ठा घेऊन आले. माझी लाज अजून गेलेली नाही. दादांचं मनगट पाऊस आला की दुखतं, ते मला ऐकू येतं. वर लावलेला थर दोनेक वर्षं टिकतो म्हणे, मग मी पुन्हा पिवळा पडेन. म्हणून एवढंच मागतो, मला रोज पुसा, पण एखाद्या संध्याकाळी मला लावा आणि समोर येऊन उभे राहा. मी सांगणार नाही. मला गप्प बसायची सवय आहे.